गळणे आणि गाळणे

मराठी व्याकरणात अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांचा धडा आला, की मी मुलांना उदाहरणे जोडीजोडीने देते. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे, गळणे–गाळणे. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. फरक म्हटला तर एका कान्याचा. पण त्या कान्यामागे नेहमी कोणीतरी उभा असतो. भिंत पडली म्हटले की आपण पावसाकडे पाहतो. भिंत पाडली म्हटले की माणसाचा शोध घेतो. यांतल्या शेवटच्या जोडीविषयी मला येथे लिहायचे आहे, आणि त्यासाठी चक्क्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

आमचे गाव वज्रेश्वरी. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी येथल्या देवीला नवस केला आणि किल्ला हाती आल्यावर टेकडीवर तटबंदीचे हे देऊळ उभे राहिले, असे सांगतात. नवरात्रात यात्रेकरूंची रीघ लागते. दसरा आला की घरोघर श्रीखंडाची तयारी होते. हल्ली तयार डबे मिळतात, तरी घरचा चक्का बांधणारी घरे अजून आहेत, आणि त्यांतले एक माझे आहे.

कृती सर्वांना ठाऊक आहे. म्हशीचे निरसे दूध चांगले उकळून, बोट सोसवेल इतके कोमट झाले, की लिटरला चमचाभर विरजण लावावे आणि भांडे हलवू नये. आमच्याकडे आश्विनातल्या उन्हात दही लवकर लागते आणि लवकर आंबटही होते. म्हणून रात्री विरजून सकाळी टांगणे बरे. दही कवडीसारखे लागले, की ओल्या पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी खुंटीला अडकवायची आणि खाली पातेले ठेवायचे. आधी धार लागते, मग थेंब पडू लागतात, मग थेंबाथेंबांतले अंतर वाढत जाते. सहासात तासांत दह्याचे निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक वजन पातेल्यात उतरलेले असते. घाई करून पुरचुंडी पिळली, तर पाण्याबरोबर पांढरे दहीही कापडातून बाहेर येते. म्हणून जाणत्या बायका सांगतात, चक्का पिळू नये, नुसता टांगून ठेवावा. त्याचे पाणी आपोआप गळते.

हा 'आपोआप' शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाणी दह्याच्या स्वतःच्या वजनाने गळते. त्यात आपला हात कोठेच लागत नाही. पण ते वजन खुंटीवर कोणी नेऊन टांगले? कापड किती विणीचे असावे, हे कोणी ठरवले? आपण गाळतो, आणि सांगताना मात्र गळाले म्हणतो.

आता जे गळाले त्याच्याकडे पाहू. शाळेतल्या सुविचारांत सारासार विवेकाचे फार कौतुक असते. सार घ्यावे, असार टाकावे. हंस म्हणे पाण्यातून दूध वेगळे काढतो. चक्का हे या विवेकाचे घरगुती उदाहरण वाटते खरे. प्रत्यक्षात ते तसे नाही. दूध विरजते तेव्हा विरजणातले जंतू दुधातली थोडी साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दुधातले मुख्य प्रथिन साकळते आणि स्निग्धांश त्याच्या जाळ्यात अडकून राहतो. हे जाळे कापडाच्या वर राहते, तोच आपला चक्का. उरलेली साखर, क्षार, चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा बराचसा अंश, हे सारे पाण्याबरोबर खाली जाते. त्या निवळीला जी हिरवट-पिवळी झाक असते ती 'ब' वर्गातल्या एका जीवनसत्त्वाची. आयुर्वेदाने या पाण्याला मस्तु असे वेगळे नाव देऊन त्याचे गुण सांगितले आहेत. म्हणजे दुधाची स्वतःची गोडी काही जंतूंना जाते, काही आपण पातेल्यात सोडून देतो. आणि मग उरलेला चक्का आंबट म्हणून त्यात जवळजवळ त्याच्याच वजनाची बाजारची साखर घालून तो पुरणयंत्रातून काढतो!

कापडाला सार आणि असार कळत नाही. त्याला एवढेच कळते, की काय अडकते आणि काय अडकत नाही. आपल्याला त्या दिवशी श्रीखंड हवे असते, म्हणून जे अडकले ते सार ठरते. उद्या कढी करायची झाली, तर हीच निवळ कामाची ठरेल. गाळण्यात दोष नाही. दोष आहे तो, गाळून झाल्यावर खाली उतरले ते मुळातच फुकाचे होते, असे म्हणण्यात.

आणि फुकाचे म्हणून टाकले, तरी ते नाहीसे होत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात असे घट्ट दही करणारे मोठाले कारखाने आहेत. तेथे एवढी आंबट निवळ निघते, की तिचे करायचे काय हाच एक प्रश्न होऊन बसला. ती नदीनाल्यात सोडता येत नाही. तिच्यावर पोसणारे जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. मग ती कोणी गुरांच्या खाद्यात घालतो, कोणी शेतात नेऊन टाकतो. पातेलेभर निवळीचा विचार घरात कोणी करीत नाही. हौदच्या हौद भरले, म्हणजे करावा लागतो.

येथवर वाचकांना हा पाकशास्त्राचा लेख वाटला असेल, तर आता मूळ मुद्द्याकडे येते. शिक्षणखात्याच्या कागदपत्रांत एक शब्द आम्हा मास्तरलोकांना रोज भेटतो. तो म्हणजे 'गळती'. पटावरची मुले शाळा सोडून जातात, तिला गळती म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. नळ गळतो, छप्पर गळते, तशी मुले गळतात. कर्ता कोणीच नाही.

आमच्या भिवंडी–वसईच्या पट्ट्यात ही गळती दिवाळीनंतर सुरू होते. भातकापणी उरकली, शेतावरची कामे संपली, की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती आता विटा थापून फेडायची असते. बाप माती मळतो, आई विटा थापते, मोठे मूल धाकट्याला सांभाळते आणि जमेल तेवढ्या विटा वाहते. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येते, तोवर वर्गाची पुस्तके संपलेली असतात. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालचा आहे, सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा २००९ सालचा. दोन्ही कायदे चांगले आहेत. पण भट्टीवाल्याला विचारा. तो म्हणेल, ही माणसे आपल्या पायांनी आली, मी कोणाला ओढून आणले नाही. शाळा म्हणते, आम्ही कोणाचे नाव काढले नाही. ज्या शहरांत त्या विटांची घरे उभी राहतात, त्यांना तर यातले काहीच ठाऊक नसते. सर्वांचे हात कोरडे. मूल आपल्याच वजनाने गळाले. त्या वजनात उचलीची रक्कम किती होती, याचा हिशेब मात्र गळतीच्या रकान्यात नसतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. निवड केल्यावाचून जगात काय होते? परीक्षा म्हणजे गाळणेच, नोकरी म्हणजे गाळणेच. मी कादंबऱ्या लिहिते; दहा पाने लिहावी तेव्हा तीन उरतात. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशी थांबले, त्यामुळे कापडाची वरची बाजू आणि खालची बाजू या दोन्ही मला परक्या नाहीत. गाळण्यावाचून चक्का होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कादंबरीतून गाळलेले पात्र उपाशी राहत नाही, आणि निवळीला आपण निवळ झाल्याचे दुःख नसते. मुलाला असते. शिवाय परीक्षा निदान मुलाची काही पारख करते. भट्टीवर गेलेल्या मुलाची कोणी पारखच केलेली नसते. ते हुशार की मठ्ठ, हे कळण्याआधीच ते खाली गेलेले असते. याला निवड म्हणणे म्हणजे भाषेची थट्टा आहे.

तेव्हा करायचे काय? मला वाटते, घरात आपण करतो तेच. खाली भांडे ठेवायचे. आमच्याजवळच्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच मुलांसाठी शाळा चालवल्या. कच्च्या विटा रचून मजूर राहण्यासाठी जी खोपटी करतात तिला भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगाशाळा. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या भोंग्याशी गेली. सरकारनेही पुढे स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले. ते दाखवले म्हणजे जेथे कुटुंब जाईल तेथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. या उपायांनी खुंटी काढली गेली नाही, उचलही संपली नाही. तरी पातेले ठेवणारा निदान एवढे कबूल करतो, की वरून काही तरी पडते आहे आणि ते जमिनीत जिरू देण्यासारखे नाही.

भांड्याच्याही आधी एक गोष्ट आहे, आणि तिला खर्च येत नाही. ती म्हणजे तो काना. आपल्या अहवालांत, सभांत, घरच्या बोलण्यात आपण 'मुले गळाली' म्हणतो, तेथे 'मुले गाळली' असे म्हणून पाहावे. वाक्य लगेच अडखळते. कोणी गाळली, हा प्रश्न विचारल्यावाचून ते पुरे होत नाही. सकर्मक क्रियापदाला कर्ता द्यावा लागतो, हे तर आम्ही पोरांना शाळेतच शिकवतो.