यंत्रही ऐकू लागले. आपण ऐकतो काय?

आपल्यापैकी अनेकांचे बालपण मंडळीच्या गायनात गेले आहे. पेटी, तबला, झांज आणि 'उपासना संगीत' हे पुस्तक, एवढ्या सामग्रीवर आपल्या वाडवडिलांनी रविवारमागून रविवार प्रभूची स्तुती केली. त्या गायनात वाजवणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे वेगळे काढता येत नसे. तबलजी गाणाऱ्यांकडे कान देई, गाणारे तबल्याकडे कान देत, आणि या देवघेवीतून गीत उभे राही. म्हणूनच प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी परका वाटला, तरी तो आपल्याला मुळीच परका नाही असे मी नम्रपणे सुचवतो. विषय आहे माणसाचे ऐकून त्याच्या सोबतीने कलाकृती घडवणाऱ्या यंत्रांचा. आणि प्रश्न आहे, ऐकणे म्हणजे काय, हा.

ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफीत ही यंत्रे आपल्या परिचयाची आहेत. ती बोलतात, पण ऐकत नाहीत. समोरचा मनुष्य रडत असो वा हसत असो, तबकडी आपल्याच गतीने फिरत राहते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काही कलावंतांनी मात्र निराळ्या जातीचे यंत्र घडवायला घेतले. समोर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज यंत्राने टिपावा, त्यानुसार स्वतः वागावे, आणि दोघांच्या मिळून होणाऱ्या वागण्यालाच कलाकृती म्हणावे, अशी त्यांची कल्पना होती.

पोलंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार एडवर्ड इहनाटोविच (१९२६–१९८८) हे या वाटेवरील आरंभीचे प्रवासी. १९६८ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स या संस्थेत 'सायबरनेटिक सेरेन्डिपिटी' नावाचे प्रदर्शन भरले. त्यात त्यांनी 'सॅम' नावाचे शिल्प ठेवले होते. पाठीच्या मणक्यांसारखे एकावर एक रचलेले धातूचे भाग, आणि वर फुलासारखे उमललेले, चार मायक्रोफोन असलेले मस्तक. आवाज ज्या दिशेने येई तिकडे ते मस्तक वळे. परंतु आरडाओरड केली तर ते दाद देत नसे. मंद आणि सातत्याने काढलेला आवाज असेल तरच ते वळे. प्रेक्षक त्याच्यापुढे पुष्कळ वेळ उभे राहत आणि त्याचे लक्ष वेधून घेईल असा नेमका आवाज शोधत राहत.

दोन वर्षांनी, १९७० मध्ये, नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीच्या 'इव्होलुऑन' या प्रदर्शनगृहात इहनाटोविच यांचे 'सेन्स्टर' उभे राहिले. पोलादी नळ्यांचा हा सांगाडा चार मीटरांहून अधिक लांब होता. त्याच्या सांध्यांची कल्पना शिल्पकाराला शेवंडाच्या नांगीवरून सुचली होती. मस्तकापाशी आवाज टिपणारे मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारे रडार होते, आणि साऱ्याचे नियंत्रण एक संगणक करी. कोणी हळुवार बोलले तर ही अजस्र मान त्याच्याकडे झुके. कोणी किंचाळले किंवा अंगविक्षेप केले तर ती दचकल्यासारखी मागे सरे. काही वर्षांतच हे यंत्र तेथून हलवण्यात आले आणि त्याचा सांगाडा दीर्घकाळ उघड्यावर उभा राहिला. २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकूव येथील एजीएच विद्यापीठाने तो आपल्याकडे आणला व पुढे त्याला पुन्हा चालते केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वतः इहनाटोविच यांचे मत असे होते की, यंत्रातील आज्ञावली तशी साधीच होती. सभागृहात घुमणारे नाद आणि लोकांचे अनपेक्षित वागणे यांमुळे त्याच्या हालचाली प्रत्यक्षाहून फार अधिक गुंतागुंतीच्या भासत. म्हणजे प्रेक्षकांना जे जिवंतपण यंत्रात दिसे, त्यातला मोठा वाटा त्यांनी स्वतःच आणलेला असे. शिवाय, ज्याला ते झुकलेले पाहायचे होते, त्याला स्वतःचा आवाज खाली आणावा लागे. जे काम पाट्या लावून आणि पहारेकरी नेमून होत नाही, ते एका निर्जीव सांगाड्याने केवळ मागे सरून साधले.

पुढचा टप्पा म्हणजे यंत्राने केवळ कान न देता प्रत्युत्तरही द्यावे. अमेरिकेतील अटलांटा शहरातील जॉर्जिया टेक या संस्थेत गिल वाइनबर्ग आणि स्कॉट ड्रिस्कॉल यांनी २००६ च्या सुमारास 'हायली' नावाचा ढोल वाजवणारा यंत्रमानव तयार केला. त्याच्यापुढे जो ढोल ठेवला तो अमेरिकेच्या मूलनिवासी लोकांचा, ज्याभोवती अनेक जण बसून एकत्र वाजवतात, असा होता. हायली मायक्रोफोनद्वारे सोबत्याचे वादन ऐकतो, त्याचा वेग, जोर आणि दाटी यांचे पृथक्करण करतो, आणि कधी तोच बोल परत करतो, तर कधी त्यात फेरफार करून उत्तर देतो. त्याच्यासाठी 'जमा' नावाची एक रचना सिद्ध झाली आणि २००६ मध्ये जेरुसलेम येथे मानवी दरबुका-वादकांच्या साथीने ती सादर झाली. 'जमा' या अरबी शब्दाचा अर्थ एकत्र येणे. तो शब्द आपल्या मराठीतही जमाव, जमात या रूपांनी नांदतो आहेच.

या प्रयोगात निर्मात्यांना आलेली एक अडचण मला फार मोलाची वाटते. हायलीने माणसाचा वेग ओळखून त्याला साथ द्यावी, अशी योजना होती. परंतु यंत्र माणसाच्या वेगाकडे पाही आणि माणूस आपसूक यंत्राच्या वेगाशी जुळवून घेऊ लागे. दोघेही एकमेकांच्या मागे चालू लागल्याने ताल स्थिर राहीना. अखेर उपाय असा काढला की, हायलीने पाच-दहा सेकंद माणसाचे नुसते ऐकावे, त्याचा वेग निश्चित करावा आणि मगच वाजवू लागावे. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा एक दोष होता व तो दूर झाला. पण आपण क्षणभर थांबून पाहू या. तो 'दोष' नेमका काय होता? समोरचा निर्जीव आहे हे ठाऊक असूनही मनुष्य त्याच्याशी जुळवून घेऊ पाहत होता, एवढेच ना? सोबत्यासाठी आपली चाल बदलण्याची ही वृत्ती सृष्टिकर्त्याने आपल्या घडणीतच घातली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे यंत्र खरोखर ऐकते काय? काही उत्साही लोक म्हणतील, ऐकते. उद्या त्याला आत्माही असेल. काही धर्मभीरू लोक म्हणतील, छे, हा सारा पोरखेळ आहे, त्याकडे लक्षच देऊ नये. मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. यंत्र नाद टिपते आणि मोजते, यात शंका नाही. परंतु ऐकण्यासाठी त्याला काही सोडावे लागत नाही. त्याला स्वतःची अशी घाई नसते, मत नसते, मानापमान नसतो. त्यामुळे ते जेव्हा माणसाच्या वेगाने चालते, तेव्हा कशावर पाणी सोडून चालते असे म्हणता येत नाही. मनुष्याचे ऐकणे मात्र नेहमी काही किंमत मोजून होते. आपले बोलणे थांबवावे लागते, आपली गती रोखावी लागते. ऐकणे ही कानाची शक्ती असेल, तर यंत्र आपल्याही पुढे गेले आहे. ऐकणे हे प्रीतीचे कृत्य असेल, तर ते अद्याप आपल्यावरच सोपवलेले आहे.

आणि येथेच, वाचकहो, मला एक कबुली द्यायची आहे.

महाराष्ट्राबाहेरील एका शहरात आमची लहानशी मराठी मंडळी आहे. आठवड्यातून एकदाच सर्वांच्या कानी मराठी पडते, ते उपासनेत. तेथे अनेक वर्षे एक वयोवृद्ध गृहस्थ तबल्याची सेवा करीत. मुले त्यांना तबलेवाले काका म्हणत. उतारवयात त्यांचा हात थरथरू लागला. ठेका ढिला पडे, तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत गीत संथ होई. तरुण मंडळी कुरकुर करू लागली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. देवाला अर्पण करायचे ते उत्तमच असावे, हे आम्हीच त्यांना शिकवले होते. कार्यकारी समितीपुढे प्रश्न आला. एक कीबोर्ड घ्यावा, त्यात तयार ठेके असतात, रिदमचे बटण दाबले की काम झाले, असा ठराव मांडला गेला. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला. काकांना कोणी काही विचारले नाही. पुढच्या रविवारी ते आले, तबल्याच्या जागी मांडलेला कीबोर्ड त्यांनी पाहिला, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. काही आठवड्यांनी येईनासे झाले.

गायन सुधारले. निदान वेळेवर संपू लागले. परंतु त्या ठेक्याला कान नव्हते. कोणाला दम लागला, कोणाचा सूर भरून आला, कोणी नवखा शब्द शोधत मागे पडला, तरी ठेका पुढे चालला. हळूहळू आम्हीही तसेच गाऊ लागलो, शेजाऱ्याकडे न पाहता. मानवी हातांनी घडलेल्या वस्तूंवर जे भिस्त ठेवतात ते अखेर त्या वस्तूंसारखेच होतात, असा गंभीर इशारा एकशेपंधराव्या स्तोत्रात आहे. तो इशारा दुसऱ्या कोणाला उद्देशून आहे असे मी आजवर समजत आलो होतो.

हायलीविषयी वाचताना मला लाज वाटली ती यामुळे. दूरदेशीचे अभियंते कष्ट करून यंत्राला शिकवीत होते की, आधी माणसाचे ऐक, मग वाजव. आणि आम्ही काय केले? आमचे ऐकणारा एक मनुष्य आमच्याजवळ होता; त्याला उठवून आम्ही त्याच्या जागी कोणाचेही न ऐकणारे यंत्र बसवले.

मी काकांच्या घरी गेलो. क्षमा मागण्यासाठी गेलो होतो, पण शब्द सुचेनात. म्हणून गायनाविषयीच बोलत राहिलो. ते म्हणाले, "हात चुकतो हे खरंच आहे हो. पण तिसऱ्या कडव्याला मी मुद्दाम सावकाश जात असे. पुढच्या बाकावरच्या आजींना दम लागतो ना."

एवढेच. त्या वाक्यात राग नव्हता. आम्ही ज्याला केवळ वार्धक्याचा ढिलेपणा समजलो, त्याचा निदान काही भाग म्हणजे एका वृद्धेच्या श्वासाकडे दिलेला कान होता. समितीतील आम्हा सुशिक्षितांपैकी एकाच्याही तो लक्षात आला नव्हता.

शुभवर्तमानात यरीहोजवळचा एक प्रसंग आहे. प्रभू येशू मोठ्या लोकसमुदायासह वाटेने चालला असता रस्त्याकडेचा आंधळा बार्तीमय हाका मारू लागतो. लोक त्याला दटावतात, कारण समुदायाला आपली चाल मोडायची नसते. प्रभू काय करतो? तो थांबतो. जेरुसलेमकडे, वधस्तंभाकडे निघालेला तो, ज्याच्या कार्याहून निकडीचे कार्य जगात दुसरे नव्हते, एका आवाजासाठी थांबतो. आणि आंधळ्याला काय हवे हे उघड दिसत असूनही, तुझ्यासाठी मी काय करावे, असे त्यालाच विचारतो. आम्ही काकांना जे विचारले नाही, ते हेच.

मागे वळून उत्पत्तीच्या पुस्तकात पाहावे, तर तेथेही देव प्राणी निर्माण करून आदामापुढे आणतो आणि तो त्यांना काय नाव देतो हे पाहतो. सर्व काही जाणणारा निर्माणकर्ता मनुष्याच्या शब्दासाठी जागा ठेवतो. सहनिर्मितीचा पहिला धडा प्रयोगशाळेतला नाही. तो एदेन बागेतला आहे. जो सामर्थ्यवान तो थांबतो, आणि दुर्बलाला बोलू देतो.

म्हणून यंत्रावर बहिष्कार घालावा, असे मी म्हणत नाही. पेटीदेखील एके काळी युरोपातून आलेले नवे यंत्रच होते, आणि आज तिच्यावाचून आपले भजन सुने वाटते. सेन्स्टरने लोकांना हळू बोलायला लावले. हायलीने ऐकण्याचे मोल दाखवले. या उपकारांबद्दल कृतज्ञ असावे. आमचा अपराध कीबोर्ड आणण्यात नव्हता. कोणालाही न विचारता, न ऐकता तो आणण्यात होता. तबल्यासाठी एखादा तरुण काकांच्या शेजारी बसवता आला असता. तो त्यांच्याकडून ठेकाही शिकला असता आणि कान देणेही. ही वाट समोर असून आम्हाला दिसली नाही, कारण आम्हाला घाई होती.

आता आमच्या मंडळीत दर रविवारी एका गीताच्या वेळी रिदम बंद ठेवतात. त्या गीताला काका तबल्यावर बसतात आणि त्यांच्या शेजारी एक शाळकरी मुलगा डग्गा धरतो. ठेका अजूनही चुकतो. तिसऱ्या कडव्याला गीत संथ होते, आणि आम्ही सारे त्यांच्याबरोबर संथ होतो.

वाचकहो, तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात, कोणाचा ठेका तुम्हाला संथ वाटतो? त्याला यंत्राने, नियमाने किंवा ठरावाने बाजूला सारण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा. कदाचित तो तुम्हाला न ऐकू आलेला एखादा श्वास ऐकत असेल.