विसरलेल्याचे सुख

दिवाळीच्या दिवसांत पाडवा हा आपण नवराबायकोसाठी राखून ठेवला आहे. पत्नी पतीला ओवाळते, पती तबकात काही घालतो, आणि वर्षभराची कुरबुर निदान त्या दिवसापुरती मिटते. या ओवाळण्याच्या मुळाशी एक गोष्ट आपण न बोलताच गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, समोर निरांजन घेऊन उभी असलेली बाई कोण आहे हे पाटावर बसलेल्या माणसाला ठाऊक आहे. ही ओळखच एका बाजूने पुसली गेली, तर संसारात मागे काय उरते? आणि ज्याची ओळख पुसली गेली तो दुःखी नसून चांगला सुखात असेल, आणि ते सुखही आपल्यावाचूनचे असेल, तर त्याच्याकडे पाहून दुसऱ्याने हसावे की रडावे?

सणासुदीला असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरातली लहानथोर माणसे एकत्र बसतात ती याच दिवसांत, आणि ज्या प्रश्नाचा विचार साऱ्या घराने मिळून करायचा, तो एरवी निघतच नाही. शिवाय प्रश्न काही परक्याचा नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठी उलटलेल्या शंभर माणसांपैकी सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. एकूण संख्या अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात जाते. तेव्हा फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांत हा प्रश्न आधीच येऊन बसलेला आहे.

माझ्या मनात तो आला एका बातमीमुळे. बातमी 2007 च्या नोव्हेंबरातली आणि अमेरिकेतली. पण इतकी वर्षे लोटली तरी ती माझा पिच्छा सोडत नाही.

सँड्रा डे ओकॉनर या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. 1981 साली त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांचे पती जॉन ओकॉनर हे फिनिक्स शहरात चांगला जम बसलेले वकील होते. बायकोच्या कामासाठी नवऱ्याने बिऱ्हाड हलवावे, ही त्या काळी त्या देशातही नवलाचीच गोष्ट. जॉननी ती केली. बसलेला जम सोडून ते वॉशिंग्टनला गेले. दोघांची गाठ पडली होती स्टॅनफर्ड विद्यापीठात कायदा शिकताना, आणि लग्न झाले होते 1952 च्या डिसेंबरात. पुढे 1990 च्या सुमारास जॉनना अल्झायमरचा विकार जडल्याचे निदान झाले. तो हळूहळू वाढत गेला. त्यांना घरी एकटे ठेवता येईना, तेव्हा बाई त्यांना आपल्याबरोबर न्यायालयातल्या कचेरीत नेऊन बसवीत. अखेर 2005 च्या जुलैत त्यांनी निवृत्तीचा मनोदय जाहीर केला. पतीची शुश्रूषा हे त्यातले मोठे कारण होते. त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश येईपर्यंत 2006 चा जानेवारी संपत आला.

पण ज्यासाठी पद सोडले ते फार दिवस साधले नाही. रोग घरच्या हातांना आवरण्यापलीकडे गेला, आणि जॉनना फिनिक्समधल्या, अशाच रुग्णांसाठी असलेल्या एका निवासात ठेवावे लागले. त्या देशात अशा जागांना 'मेमरी केअर' म्हणतात. कोणी वाट चुकून बाहेर जाऊ नये अशी दारे, ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण, आणि सोबतीला आपल्यासारखीच विसरलेली माणसे, असा तिथला संसार. पहिल्यापहिल्याने जॉन फार खिन्न असत. मग त्यांना तिथल्याच दुसऱ्या भागात हलवले, आणि दोनच दिवसांत त्यांचा नूर पालटला. तिथल्या एका स्त्री-रुग्णावर त्यांचा जीव जडला होता. दोघे हातात हात घेऊन झोपाळ्यावर बसत. ओकॉनरबाई भेटीला जात तेव्हाही हेच दृश्य दिसे. ही हकीकत त्यांच्या मुलानेच तिथल्या दूरचित्रवाणीवर सांगितली, आणि वर असेही सांगितले की, वडील स्वस्थ आहेत, सुखात आहेत, तक्रार करीत नाहीत, याचा आईला फार आनंद झाला आहे.

इथे वाचणारा थबकतो. मीही थबकलो. मनात प्रथम येते ते हेच की, बाईंनी दुःख गिळले असेल आणि मुलाने चारचौघांत घराची अब्रू सांभाळली असेल. त्यांच्या मनाच्या तळाशी काय होते ते आपण कसे सांगणार? पण वागणे दिसत होते. त्या भेटीला जात राहिल्या. 2008 च्या मे महिन्यात सेनेटच्या समितीपुढे उभे राहून या रोगाबद्दल, आणि तो घराची काय दशा करतो याबद्दल, त्या उघडपणे बोलल्या. तोंड लपवणाऱ्या माणसाची ही रीत नव्हे.

दुसरी शंका अधिक जुनी आहे, आणि ती निष्ठेची. नवऱ्याने परक्या बाईचा हात धरला, त्याला काय म्हणायचे? याचे उत्तर आपल्याकडे कालिदासाने केव्हाच देऊन ठेवले आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, पण भर सभेत न ओळखल्याचे सोंग करतो. कालिदासाला हा राजा सोसेना. म्हणून त्याने दुर्वासाचा शाप आणला आणि राजाला खरोखरच विसरायला लावले. विसरणे आणि टाकणे यांत जो फरक आहे, तो राखण्यासाठी कवीने एवढा खटाटोप केला. जाणूनबुजून विसरतो तो अपराधी. ज्याची स्मृतीच हिरावली गेली त्याला निष्ठेच्या तराजूत घालता येत नाही. फरक एवढाच की, नाटकात कोळ्याला सापडलेली अंगठी राजाची स्मृती परत आणते. या रोगाला अजून तशी अंगठी सापडलेली नाही.

तिसरी शंका मात्र तत्त्वज्ञांची आहे आणि ती सहज उडवून लावता येत नाही. झोपाळ्यावर बसलेला हा माणूस जॉन ओकॉनर होता काय? जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1694 साली असे मांडले की, माणूस तोच राहतो तो त्याच्या जाणिवेच्या धाग्याने. जिथवर मागचे आठवते तिथवर 'मी' पोचतो. हे मानले तर 1952 साली लग्न केलेला जॉन संपला, आणि त्याच्या देहात दुसराच कोणी सुखाने नांदू लागला. मग आपल्या पत्नीने आनंद मानायचा तो कोणाच्या सुखाचा?

हाच पेच अमेरिकेत एका दुसऱ्या उदाहरणावरून गाजला. वैद्यकी शिकणाऱ्या एका तरुणाने 1991 साली मार्गो नावाच्या रुग्ण बाईची हकीकत लिहिली. बाई रोज रहस्यकथा वाचीत, पण त्यांचे पान आज पुढे तर उद्या मागे असे. चित्र काढीत, तेही रोज तेच. आणि असे असून आपण पाहिलेल्या सर्वांत सुखी माणसांपैकी त्या एक, असे त्या तरुणाने लिहून ठेवले. रॉनल्ड ड्वॉर्किन या कायदेपंडिताने 1993 साली याच हकीकतीवर वाद उभा केला. त्याचे म्हणणे असे की, सुखे दोन प्रकारची असतात. एक, त्या त्या क्षणी गोड लागणारी. दुसरे, सारे आयुष्य आपल्या मनासारखे घडले याचे समाधान. शहाणपण शाबूत असताना माणसाने आपल्या आयुष्याबद्दल जे ठरवले, ते पुढच्या क्षणिक सुखापेक्षा वरचढ मानले पाहिजे. 1995 साली रिबेका ड्रेसर या विदुषीने त्याला उत्तर दिले की, आज समोर बसून हसणाऱ्या माणसाला कालच्या माणसाच्या इच्छेखाली चिरडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मला ड्रेसरबाईंचे म्हणणे पटते, पण माझे कारण थोडे वेगळे आहे. ते असे की, घर प्रेमळ असूनही, किंबहुना प्रेमळ असल्यामुळेच, अशा माणसाला जाचते. 'मला ओळखलंत का?', 'हा कोण, सांगा पाहू?', 'आत्ताच तर जेवलात ना?' असे दिवसातून पन्नास वेळा आपण विचारतो. विचारणाऱ्याच्या पोटात माया असते. पण ज्याला उत्तर येत नाही त्याच्यासाठी घराचे परीक्षागृह झालेले असते, आणि तो रोज, प्रत्येक विषयात, आपल्याच माणसांसमोर नापास होत असतो. शब्द कळले नाहीत तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरची निराशा त्याला कळते. त्या निवासात पूर्वीचा माणूस कोणालाच ठाऊक नसतो. तिथे जॉन म्हणजे मागे कधी काळी मोठे असलेले वकील नव्हते. ते जसे होते तसेच पुरेसे होते. झोपाळ्यावर शेजारी बसलेल्या त्या बाईने त्यांना काहीही आठवायला सांगितले नाही. चोपन्न-पंचावन्न वर्षांच्या सहवासाला जे देता आले नाही ते एका अनोळखी हाताने दिले, याचे हे साधे कारण असावे. त्यात पत्नीचा पराभव नाही.

आणि सुख आठवत नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अल्झायमरच्या रुग्णांना काही करुण आणि काही आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने काय पाहिले ते बहुतेकांना धड सांगता येईना. पण पाहून जी भावना उठली ती मात्र मागे रेंगाळत राहिली. म्हणजे प्रसंग जातो आणि त्याची चव उरते. 'मी येऊन गेले हे त्यांना आठवतसुद्धा नाही, मग जायचे कशाला?' असे म्हणणाऱ्या किती बायका असतील, किती नवरे असतील! त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, भेट विसरली जाते, पण भेटीने आलेला निवांतपणा त्यानंतरही त्या माणसाजवळ बसून राहतो.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. 'तिथे त्यांना बरे वाटते' हे वाक्य फार सोयीचे आहे. ओझे उतरवणारा प्रत्येक जण ते म्हणू शकतो. म्हणून अशा सुखाची पारख करायला हवी. औषधाने आलेली गुंगी म्हणजे सुख नव्हे. कंटाळून गप्प बसणे म्हणजेही नव्हे. आणि ही पारख करायची तर वारंवार जावे लागते, अगोदर न कळवता जावे लागते, शेजारी बसावे लागते. सुखात आहे असे म्हणण्याचा अधिकार जाऊन पाहणाऱ्यालाच आहे. आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकीकडे, ठेवले म्हणजे टाकलेच, असा लोकांचा निवाडा. आणि त्या निवाड्याच्या भीतीने बहुधा घरातली एखादी सून किंवा म्हातारी पत्नीच रात्रंदिवस झिजत राहते. दुसरीकडे, पैसे भरले की कर्तव्य संपले. या दोहोंच्या मधल्या वाटेचे नाव, रोज नाही तरी नेमाने जाणे.

आता त्या आनंदाविषयी. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की, पती प्रिय होतो तो पतीसाठी नव्हे, आत्म्यासाठी. ऋषीच्या मनातला आत्मा मोठा होता. पण आपण संसारी माणसे त्याचा आपल्याला जमेल तेवढाच अर्थ घेतो. मला सुख देतो म्हणून तो प्रिय. एरवी हा अर्थ खपून जातो, कारण त्याचे सुख आणि माझे सुख एकाच ताटात असते. ताटे वेगळी झाली की खरे कळते. त्याच्या सुखात मला जागा नाही, त्या सुखाचे कारण मी नाही, त्याला माझे नावही ठाऊक नाही, आणि तरीही तो सुखात आहे म्हणून मला बरे वाटते, असे ज्या क्षणी कोणाला म्हणता येते, त्या क्षणी तिच्या प्रेमात घेण्याचा भाग उरलेला नसतो. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्यासाठी असते. पहिल्या पावलांत अन्न, बळ, धन, संतती सारे मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागायची, हा क्रम ज्यांनी लावला त्यांनी मोठ्या जाणतेपणाने लावला. मित्राचे सुख आपल्यावाचून असले तरी चालते.

असे वाटणाऱ्याने रडू नये असे मात्र नाही. परतीच्या वाटेवर डोळे भरून येणे आणि तो हसत होता म्हणून समाधान वाटणे, ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. जिवंत माणसाचा शोक करण्याची रीत आपल्या समाजाने घालून दिलेली नाही. म्हणून ज्याच्यावर ही वेळ येते त्याला तो एकट्याने करावा लागतो. निदान घरच्यांनी तरी तो ओळखावा.

जॉन ओकॉनर 2009 च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या जवळजवळ सत्तावन्न वर्षांच्या संसाराची आठवण राहिली ती एकट्या बाईंजवळ. आणि मग 2018 च्या ऑक्टोबरात बाईंनी स्वतःच पत्र लिहून कळवले की, आपल्यालाही स्मृतिभ्रंश जडला आहे, बहुधा अल्झायमरच. 2023 च्या 1 डिसेंबरला त्याही गेल्या. लॉकचे म्हणणे अक्षरशः घेतले, तर तो संसार दोघांच्याही मनातून पुसला गेला, म्हणजे तो उरलाच नाही. पण असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकाने बसलेला जम सोडून दुसऱ्याच्या मागे जाणे, दुसऱ्याने देशातले थोर पद सोडून पहिल्याच्या उशाशी येणे, आणि त्याचा हात परक्या हातात पाहून त्याच्या शांत झोपेचा आनंद मानणे, या गोष्टी घडून गेल्या आहेत. घडलेल्याला कोणाच्या आठवणीचा आधार लागत नाही. ते आठवणारे कोणी उरले नाही, तरी ते घडलेलेच राहते.