पोपला जुने कागद दाखवणारा धर्मगुरू

धर्मसंस्थेला बाहेरच्या टीकाकाराचं फारसं भय नसतं. त्याला पाखंडी म्हटलं की काम भागतं. आयुष्यभर तिचीच बाजू लढवलेला घरचा माणूस जुने कागद घेऊन पुढं येतो, तेव्हा मात्र पंचाईत होते. म्युनिकचे इग्नात्स फॉन ड्योलिंगर हे असे घरचे होते.

जन्म १७९९चा, बाम्बेर्गचा. १८२२ साली ते धर्मगुरू झाले आणि १८२६पासून म्युनिक विद्यापीठात चर्चचा इतिहास शिकवू लागले. उमेदीच्या काळात ते रोमचे कट्टर पाठीराखे होते. ल्यूथरच्या चळवळीवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ प्रोटेस्टंटांना चांगलाच झोंबणारा होता. पण शत्रूला लावलेली कसोटी स्वकीयांनाही लावायची, हा त्यांचा खाक्या. १८६३ साली त्यांनी पोपांभोवतीच्या मध्ययुगीन दंतकथा निकालात काढल्या. स्त्री पोपची कहाणी खोटी ठरवली, तसंच पोपच्या राजसत्तेला आधार देणारं सम्राट कॉन्स्टंटाइनचं दानपत्रही बनावट असल्याचं मांडलं.

सर्वांत अडचणीचं प्रकरण पोप होनोरियस यांचं. ख्रिस्ताच्या ठायी इच्छाशक्ती एक की दोन, असा सातव्या शतकात वाद पेटला होता. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात होनोरियस यांनी ‘एक’ असा शब्द वापरला. त्यांच्या मृत्यूनंतर, ६८०-८१च्या धर्मपरिषदेनं त्यांना पाखंडी ठरवलं आणि पोप लिओ दुसरे यांनी त्या निर्णयाला मान्यता दिली. म्हणजे एका पोपला चुकीचं ठरवलं होतं चर्चनंच.

१८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकन परिषदेनं ५३३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की, श्रद्धा आणि नीती यांविषयी पदाच्या पूर्ण अधिकारानं निर्णय देताना पोप चुकू शकत नाहीत. अनेक विरोधक मतदानाआधीच रोम सोडून गेले होते. होनोरियस यांचं पत्र या व्याख्येत बसत नाही, असं समर्थक म्हणत. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण आजची व्याख्या आधी करायची आणि मग कालचा पुरावा तिच्यात बसत नाही म्हणून बाजूला सारायचा, ही वकिलाची रीत झाली. चर्चच्या परिषदांचे इतिहासकार बिशप हेफेले यांनीही होनोरियस यांचा दाखला देऊन विरोध केला होता. १८७१मध्ये ते नमले. ड्योलिंगर नमले नाहीत. मार्चमध्ये त्यांनी आर्चबिशपांना लेखी नकार कळवला आणि एप्रिलमध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आलं.

त्यांचं खरं मोठेपण त्यानंतर दिसतं. शिक्षा अन्याय्य वाटत असूनही त्यांनी मिस्सा अर्पण करणं थांबवलं. त्यांच्या बाजूचे लोक वेगळं चर्च उभारू लागले, तेव्हा वेदीसमोर दुसरी वेदी मांडू नका, असं त्यांनी बजावलं. उलट १८७४ आणि १८७५ साली बॉनमध्ये त्यांनी अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स विद्वानांना ऐक्याच्या चर्चेसाठी एकत्र आणलं. शिस्त पाळली, मत सोडलं नाही. बंडखोर आणि होयबा यांच्यामधली ही जागा फार थोड्यांना पेलते.

जी संस्था आपला अधिकार परंपरेवरून सांगते, तिला परंपरेची उलटतपासणी नाकारता येत नाही. हे रोमलाही टाळता आलं नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ साली व्हॅटिकनचं दप्तर अभ्यासकांना खुलं केलं आणि १८८३मध्ये, इतिहासकारानं असत्य सांगू नये व सत्याला भिऊ नये, असं लिहिलं. ड्योलिंगर तेव्हा हयात होते. १८९०च्या जानेवारीत ते वारले, तेव्हाही त्यांच्यावरचा बहिष्कार उठलेला नव्हता.