फक्कीची रेघ

मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन आम्ही केंद्रावर पोचलो की पहिल्या कामांपैकी एक काम अंतर मोजण्याचं असतं. शाळेचा शिपाई टेपचं एक टोक फाटकाशी धरतो, दुसरं टोक घेऊन कोतवाल चालू लागतो. टेप तीस मीटरची. ती तीनदा उचलायची, उरलेले दहा मीटर पावलांनी. मग रस्त्यावर फक्कीची रेघ ओढली जाते. ही फक्की बहुधा शाळेच्या खो-खोच्या मैदानासाठी आणलेली, अर्धी गोणी उरलेली असते. रात्रीतून शेळ्या, मोटारसायकली आणि दव मिळून ती रेघ निम्मी पुसून टाकतात. तरी सकाळी सातला ती नेमकी कुठे होती हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

बरीच वर्षं मी समजत होतो की ही रेघ आवाजासाठी आहे. आत शांतता हवी, म्हणून बाहेरच्यांनी लांब राहायचं, इतकंच. पुढे एका निवडणुकीत मुक्कामाला शाळेतच झोपलो असताना डास मारता मारता मनात आलं, की शेवटच्या शंभर मीटरमध्ये मत बदलतं तरी कुणाचं? ज्याने ठरवलंय त्याने कधीच ठरवलंय, आणि ज्याला पाकीट पोचायचं त्याला ते आदल्या रात्रीच पोचलेलं असतं. मग कायदा एवढ्या कसोशीने नेमकं काय अडवतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १३०. मतदान केंद्रात आणि केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मत मागायचं नाही, अमक्याला देऊ नका असंही म्हणायचं नाही, मतदानच करू नका असंही नाही, आणि निवडणुकीशी संबंधित फलक वा चिन्ह दाखवायचं नाही. दंड २५० रुपयांपर्यंत. आजच्या भावात दोन माणसांचा नाश्ता. हा कायदा संसदेत मांडणारे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर, आणि या कायद्याखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत ते स्वतः मुंबईतून पराभूत झाले. पण रेघेमागची कल्पना या कायद्याहून खूप जुनी आहे. ती पाहायची तर जिथे रेघ नव्हतीच तिथे जावं लागतं.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रचार मतदान केंद्राजवळ येत नसे. केंद्रच प्रचाराच्या मधोमध असे. चौकात लाकडी मंच उभारलेला. मतदार पायऱ्या चढून वर जाई, नाव सांगे आणि कुणाला मत ते मोठ्याने बोले. कारकून ते वहीत लिहून घेई. या वह्या पुढे छापून विकल्या जात, म्हणजे कोणत्या खाटकाने, कोणत्या कुळाने कुणाला मत दिलं हे कुणालाही पैसे टाकून वाचता येई. चित्रकार होगार्थने १७५४-५५ मध्ये या सगळ्या तमाशावर चार चित्रांची मालिका काढली. त्यातल्या मतदानाच्या चित्रात अगदी मरणासन्न माणूसही उचलून आणलेला दिसतो. पुढच्या शतकातही चित्र फार बदललं नव्हतं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधली निवडणूक विनोदी वाटते, पण ती वाचून तेव्हाच्या वाचकाला अतिशयोक्तीपेक्षा ओळखच अधिक वाटली असणार.

हे असंच चालावं, म्हणजे मत उघडच असावं, असं म्हणणाऱ्यांत एक नाव अनपेक्षित आहे: जॉन स्टुअर्ट मिल. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी, पण १८६१च्या आपल्या ग्रंथात तो गुप्त मतदानाच्या विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की मत ही खाजगी मालमत्ता नव्हे. ती इतरांच्या वतीने सोपवलेली जबाबदारी आहे, आणि जबाबदारी चारचौघांदेखत पार पाडावी. मला हा युक्तिवाद टाकाऊ वाटत नाही. आपल्या गावातही कुणी मताबद्दल गुळमुळीत बोललं की पारावरचा माणूस म्हणतोच, ‘चोरी केलीय का, सांग की उघड.’ त्यात थोडासा मिल असतो. पण मिलच्या हिशेबात जमीनदार कमी पडला. १८६८च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलेल्या कुळांना शेतांवरून हुसकावून लावण्यात आलं. चारचौघांदेखत मत द्यायचं खरं, पण त्या चौघांत घराचा आणि शेताचा मालक उभा असेल तर काय, याचं उत्तर मिलपाशी नव्हतं.

१८७२ मध्ये ब्रिटनमध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी ते १८५६ मध्येच करून दाखवलं होतं. ब्रिटनमधलं अशा पद्धतीचं पहिलं संसदीय मतदान १५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशायरमधल्या पाँटिफ्रॅक्ट या गावी झालं. हे गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध, आणि मतपेटीवर लाखेचं जे सील उमटवलं ते त्या गोळ्यांवर मारायच्या शिक्क्याचं. गोळ्यांच्या कारखान्यातून निवडणुकीला आलेला तो शिक्का मला आमच्या खो-खोच्या फक्कीचा सख्खा भाऊ वाटतो.

इथून वाटा फुटल्या. इंग्रजांनी मत लपवलं, रस्ता लपवला नाही. आजही तिथे केंद्राच्या दारापाशी पक्षांचे स्वयंसेवक छातीवर पक्षाच्या रंगाचा बिल्ला लावून बसतात आणि येणाऱ्याला यादीतला क्रमांक विचारतात. सांगायचा तर सांगा, नाही तर नका सांगू. अमेरिकेची अडचण निराळी होती. तिथे एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका पक्षच छापत, त्याही रंगीत, म्हणजे हातातला कागद लांबूनच कळे. मत टाकायच्या खिडकीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांमधून, त्यांच्या नजरेतून आणि प्रसंगी त्यांच्या कोपरांतून जाई. १८८८ पासून मॅसॅच्युसेट्स आणि मागोमाग इतर राज्यांनी सरकारी मतपत्रिका आणली, तेव्हा त्या सुधारणेबरोबरच केंद्राभोवतीच्या अंतराचे नियमही आले. आडोसा आणि अंतर ही जुळी भावंडं आहेत. आडोसा मत लपवतो, आणि आडोशापर्यंत माणूस कुणाच्या हाताला न लागता पोचावा म्हणून अंतर.

पण बोलण्याच्या स्वातंत्र्याला सर्वांत वर मानणाऱ्या देशात रस्त्यावर गप्प बसवणारा कायदा टिकावा कसा? १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा एक कायदा उडवून लावला. मतदानाच्या दिवशी वृत्तपत्रात एका बाजूने अग्रलेख लिहिला म्हणून बर्मिंगहॅमच्या संपादकावर खटला भरला होता. सबंध दिवसाची तोंडबंदी मान्य नाही, असं न्यायालय म्हणालं. १९९२ मध्ये टेनेसीचा शंभर फुटांचा नियम मात्र त्याच न्यायालयाने टिकवला. न्या. ब्लॅकमन यांच्या निकालाचा गाभा असा की इथे दोन हक्क समोरासमोर आहेत आणि दडपणाचा इतिहास रेघेच्या बाजूने साक्ष देतो. न्या. स्टीव्हन्स असहमत होते. जुना इतिहास म्हणजे आजची गरज नव्हे, असा त्यांचा रोख. २०१८ मध्ये मिनेसोटाचा नियम पडला, कारण केंद्रात ‘राजकीय’ बिल्ला किंवा कपडा चालणार नाही असं म्हणताना राजकीय म्हणजे काय हेच कायद्याने सांगितलं नव्हतं.

ऑस्ट्रेलिया सहा मीटरवर थांबतो. दारापासून सहा मीटर सोडले की पक्षांचे लोक मत कसं द्यायचं याची पत्रकं वाटतात, शेजारी कुणी सॉसेज भाजून विकतं आणि लोक ते खात खात रांगेत उभे राहतात. न्यूझीलंडमध्ये याच्या उलट: मतदानाच्या दिवशी देशभर प्रचार बंद, आदल्या मध्यरात्रीच्या आत पाट्यासुद्धा उतरवायच्या. सहा मीटर काय, शंभर फूट काय, अख्खा दिवस काय! एवढी तफावत पाहिली की वाटतं, अंतर हा मुद्दाच नसावा. प्रत्येक समाज आपल्याला कुणाची भीती वाटते ते मोजत असावा. कष्टकऱ्याला मालकाची भीती उरली नसेल तर सहा मीटर पुरतात.

आता पुन्हा आमच्या शाळेपाशी. रेघेपलीकडे पक्षांची टेबलं लागलेली असतात. पूर्वी ती दोनशे मीटरपलीकडे असत; मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ती शंभर मीटरपलीकडे लावायला मुभा दिली. आदर्श आचारसंहितेचं बीज १९६०च्या केरळमधल्या निवडणुकीत पडलं, असं मानतात. या आचारसंहितेत टेबलांसाठी मोठी मजेदार बारकाई आहे. चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असावी, तिच्यावर चिन्ह, उमेदवार किंवा पक्षाचं नाव नसावं. टेबलाशी झेंडे, पोस्टर नसावीत. गर्दी जमू देऊ नये. आणि खाद्यपदार्थ वाटू नयेत! हे लिहिणाऱ्याने आपल्याकडची मतदानाची सकाळ पाहिलेली असणार. पोह्यांचा टोप टेबलामागच्या घराच्या ओसरीवर असतो, टेबलावर नसतो. नियम पाळला जातो.

टेबलावरचा माणूस काही बोलत नाही. माझ्या प्रश्नाचा उलगडा तिथे झाला. तो नमस्कार करतो, ‘काका, चिठ्ठी घेतली का?’ म्हणतो, यादीत बोट फिरवतो आणि नावापुढे खूण करतो. घरात मतं किती, मुंबईहून कोण आलं, कोण यायचं राहिलं, सगळं त्याला पाठ. दुपारी तीनला तो यादी पाहून म्हणतो, ‘वरच्या आळीतली आठ आली नाहीत अजून,’ आणि एक जीप निघते. मतदारांची अशी ने-आण करणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे, तरी जीप निघते. रेघ त्याचं तोंड अडवते, नजर अडवत नाही. आणि आपल्याकडची सत्ता फार करून नजरेतच असते. सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी, पोराची बदली हे सगळं ज्याच्या हातात, त्याला ओरडावं लागत नाही. त्याने पाहिलं की पुरतं.

रेघ आणि आडोसा दोन्ही शाबूत ठेवूनसुद्धा ही नजर मोजणीच्या दिवशी परत येते. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतली मतं मोजण्याआधी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती, म्हणजे अमुक वस्ती कुणाकडे झुकली ते कळू नये. यंत्रं आली आणि मोजणी केंद्रनिहाय झाली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं असं आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानेही २०१५च्या अहवालात शिफारस केली. सरकार राजी झालं नाही. ‘तुमच्या बूथवर आम्हाला बावीस मतं’ हे वाक्य त्यामुळे आजही जाहीर सभेत ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्याला पुढच्या पाच वर्षांतल्या रस्त्याचा अंदाज येतो.

रेघेला खरं भोक पाडलं ते खिशातल्या फोनने. तो रेघ ओलांडून आत येतो आणि रांगेतच संदेश वाजतो. प्रचार संपल्यानंतरच्या ४८ तासांची शांतता सांगणारं कलम १२६ दूरचित्रवाणीचा विचार करतं, पण ते त्या त्या मतदान क्षेत्रापुरतं. एका जिल्ह्यात मतदान चालू असताना दुसऱ्या जिल्ह्यातली सभा घराघरांत थेट दिसते. ३० एप्रिल २०१४ला अहमदाबादमध्ये मतदान करून बाहेर आल्यावर नरेंद्र मोदी यांनी कमळ हातात घेऊन पत्रकारांशी बातचीत केली, तेव्हा आयोगाने याच कलमाखाली गुन्हा नोंदवायला सांगितलं होतं. पुढे तपासात ते प्रकरण टिकलं नाही. असं अंतर मीटरमध्ये मोजावं तरी कसं? कॅमेऱ्यासमोर सगळा देशच शंभर मीटरच्या आत असतो. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली आणि शांततेच्या काळातल्या तक्रारींवर तीन तासांत कारवाई करायचं कबूल केलं. पण तीन तासांत आमच्या केंद्रावर पाव गाव मतदान करून घरी जेवायला गेलेलं असतं.

फोनची दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. मत विकत घेणाऱ्याची जुनी अडचण एकच: माणसाने पैसे घेतले, पण मत दिलं का? इंग्लंडमध्ये छापील वही त्याला पुरावा देत होती. १८७२ने ती वही बंद केली. आज आडोशात काढलेला यंत्राचा फोटो म्हणजे तीच वही पुन्हा उघडणं आहे. म्हणून दारापाशी फोन जमा करण्याची सोय मला नव्या काळाची कटकट वाटत नाही. मतदार मात्र कुरकुरतात. फोन नव्हे, हातच काढून ठेवायला सांगितल्यासारखे.

गेल्या खेपेला एक म्हातारी आली होती. तिन्ही टेबलांवर थांबली, तिन्ही ठिकाणी चिठ्ठी घेतली, तिन्ही ठिकाणी ‘बरं बाबा’ म्हणाली. आत आल्यावर पोलिंग एजंटने हसत विचारलं, ‘आजी, तीन कशाला?’ ती म्हणाली, ‘कुणाला वाईट वाटायला नको.’ मत दिलं, बोटाची शाई वाळेपर्यंत पंख्याखाली बसली. मग मला विचारलं, ‘मास्तर, मागचं दार उघडं आहे का?’ मागचं दार संडासाकडे उघडतं आणि तिथून बांधावरून वरच्या आळीला वाट जाते. टेबलं त्या बाजूला नसतात. नियमात ते दार बंद ठेवायचं असतं. मी उठून कडी काढली.