वाऱ्याला न जुमानणारं तेल

चैत्र-वैशाखात मुळा धरणाचे आकडे रोज वाचणाऱ्या जिल्ह्याला बाष्पीभवन शिकवावं लागत नाही. पसारा मोठा तेवढी तूट मोठी, त्यात वारा सुटला की संपलंच. शेततळं उथळ खणू नये, हे नगरकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. कच्चं तेल मात्र या हिशेबात बसत नाही.

पाण्यावरची हवा ओलाव्याने भरते, वारा ती हटवतो, मग पुढच्या पाण्याला उडायला वाव मिळतो. तेलाची अडवणूक हवेत होत नाही, तेलाच्या पोटातच होते. मर्व्ह फिंगास या कॅनडातल्या संशोधकाने हे प्रयोगांनी दाखवलं. वाऱ्याचा जोर इथे फारसा चालत नाही. चालतं ते तापमान आणि काळ. काळाची चालही विलक्षण: पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढं उडतं, साधारण तेवढंच उडायला पुढे शंभरावा तास उजाडावा लागतो. हलकं तेल काही दिवसांत पाऊण भागापर्यंत उडू शकतं; जड तेलाचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. बेंझिन, टोल्युइनसारखी चंचल मंडळी आधी निघून जातात आणि मागे उरतं ते पहिल्याहून दाट, चिवट आणि जड. त्यात पाणी घुसळलं गेलं की ते फुगतंही. एवढं उडाल्यावर तवंग वाढलेला दिसावा, हे आपल्या दुष्काळी अनुभवाला पटणं कठीणच.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली. सांडलेलं इंधनतेल खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागलं. त्याआधी तेराच दिवस, २५ जुलैला, अमेरिकेत मिशिगन राज्यात एन्ब्रिज कंपनीची वाहिनी फुटून पातळ केलेलं बिट्युमेन कॅलमझू नदीत शिरलं होतं. तेही आधी तरंगलं. मग पातळ करणारा हलका भाग उडाला, उरलेल्याला पुराच्या पाण्यातला गाळ चिकटला आणि ते तळाशी बसू लागलं. गोड्या पाण्याची घनता खाऱ्याहून दोन-अडीच टक्क्यांनी कमी. बुडायला तेवढा फरकही हातभार लावतो. तळ उपसण्याचं काम २०१४पर्यंत चाललं. पावसाळ्यातलं प्रवरेचं गढूळ पाणी ज्याने पाहिलंय, त्याला अशा तेलाची इथली वाट सांगायला नको.

अर्थात नगरच्या अकोळनेर डेपोत साठतं ते कच्चं तेल नव्हे, पेट्रोल, डिझेल. हलकीच द्रव्यं. पण हलकेपणाचा दिलासाही उघड्यावरच खरा. नदीवर सांडलेलं पेट्रोल उन्हात बघता बघता उडतं. तेच मुरुमाखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत उतरलं, तर तिथे ना ऊन, ना मोकळी हवा. मग ते भूजलावर तरंगत राहतं, त्यातलं बेंझिन थोडं थोडं पाण्यात विरघळतं आणि भेगांच्या उताराने एखाद्या विहिरीपर्यंत पोचायला त्याला वर्षंही लागू शकतात.