चिंचोक्याची खळ

डोंबिवलीतल्या एका घरात आजी दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. तिचं माहेर सावंतवाडीच्या चितारआळीतलं. लाकडी खेळणी आणि गंजिफाचे पत्ते करणाऱ्यांची ती आळी. पण वडील कसे दिसत, घरात कोण कोण होतं, असं विचारलं की ती नुसती बघत राही.

मुलगा आईवर जीव टाकणारा. त्याने सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतारी गंजिफाचा संच आणला. ही कला विझत आली होती तेव्हा सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला याच राजवाड्यात पुन्हा उभं केलं, आणि तिथली पानं आजही हाताने रंगवली जातात. आजीने ती गोल पानं हातात घेतली, नीट रचली आणि डबा परत दिला.

नात चित्रकला शिकणारी. पूर्वी ही पानं जुन्या कापडाचे थर चिकटवून करत, हे तिला ठाऊक होतं. ते एकदा करून पाहावं म्हणून तिने चिंचोके भाजले, सोलून भिजवले, वाटले आणि पातेल्यात खळ शिजायला ठेवली. तो वास घरभर गेला तशी आजी भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली. पळी फिरवून म्हणाली, "खळ पातळ झाली गो. आजून शिजव."

विकतची देखणी वस्तू तिला परकी होती, यात नवल नाही. तिचं बालपण तयार पानांत नव्हतंच. ते कच्च्या मालात होतं. कापडाचे थर वाळले, त्यावर खडीचा हात दिला, आणि नातीने घोटायला गुळगुळीत दगड घेतला. आजीने तो काढून घेतला. दगड फिरू लागला तसे शब्द फुटू लागले. पडवी, पावसात न वाळणारी पानं, लाखेचा धूर. आणि मग एक गोष्ट, जी या घरात कुणी ऐकलीच नव्हती: "कुंचलो भावाच्या हातात. माका नुसता घोटूक लावीत."

मुलाला आईच्या बालपणीचं सुखाचं काही ऐकायचं होतं. आलं ते हे. पण तिचं होतं ते हेच, आणि तो पहिल्यांदाच तिच्याजवळ बसून राहिला. नातीने काही न बोलता कुंचला आजीच्या हातात दिला. हात थरथरत होता, तरी कूर्माच्या पानावर कासव उमटलं.

आजी अजूनही संध्याकाळी नातीचं नाव विसरते. दशावतारी संचात १२० पानं असतात, दर अवताराची १२. कूर्माची १२ पुरी झाली आहेत. ती सगळी आजीने रंगवली. घोटायचं काम आता नातीकडे आहे.