चरख्याच्या अटी

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. ते कुणा वीराला किंवा विद्वानाला द्यायचं नव्हतं. गांधीजींना एक सुधारलेला चरखा हवा होता आणि तो कसा असावा हे अटी घालून सांगितलेलं होतं. चरखा हलका हवा, इकडून तिकडे नेता यावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. एका बाईला त्यावर फारसे कष्ट न पडता सलग आठ तास काम करता यावं. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० वार सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र वीस वर्षं टिकावं आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये.

यात आणखी एक अट होती, आणि सगळ्यांत जास्त विचार तिच्यातच आहे. चरख्यावर हाताने केलेले पेळू, म्हणजे सूत कातायच्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, चालले पाहिजेत, नाहीतर घरच्या घरी कापूस पिंजण्याची सोय यंत्रासोबतच दिली पाहिजे. कारण उघड आहे. चातीवर भराभर सूत निघू लागलं, पण पेळू मात्र गिरणीतून विकत आणावे लागले, तर झोपडीतल्या बाईच्या हाती काय उरलं? वेग वाढला आणि तिची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. यंत्र बनवणाऱ्याने एकट्या यंत्राकडे न पाहता त्याच्या मागे-पुढे जोडलेल्या सगळ्या साखळीकडे पाहावं, अशी ही मागणी होती. आजच्या भाषेत याला कुणी ‘डिझाइन ब्रीफ’ म्हणेल. पण तो एका नैतिक भूमिकेचा दस्तऐवजही आहे, आणि तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न त्यातून नव्याने पुढे येतो: वस्तूचं भलेपण नेमकं कुठे असतं? करणाऱ्याच्या हेतूत, की वस्तूच्या घडणीत?

याचं गांधीजींनी आधी दिलेलं उत्तर वेगळं होतं. १९२४ मध्ये शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांनी त्यांना विचारलं होतं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असं सांगून त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे शिवणकामाचे कष्ट सिंगरला पाहवेनात, म्हणून प्रेमापोटी त्याने ते यंत्र घडवलं, असं त्यांचं म्हणणं. हेतू प्रेमाचा म्हणून यंत्र चांगलं.

ही कथा सुंदर आहे, पण इतिहासाला ती मान्य नाही. आयझॅक सिंगर बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या शिवणयंत्रातले दोष काढत होता. त्यातून त्याने आपलं यंत्र उभं केलं आणि १८५१ मध्ये पेटंट घेतलं. ही सगळी धडपड धंद्याची होती. हप्त्याने विक्री करून कंपनीने ते यंत्र घरोघरी पोचवलं. तरीही लाखो घरांतल्या बायकांचे कष्ट त्याने कमी केले, हे नाकारता येत नाही. म्हणजे हेतूवरून वस्तू जोखायची कसोटी इथे पुरी पडत नाही.

आपल्याकडचा कर्मविचार बहुतेक वेळा कर्त्याच्या मनाकडे पाहतो: आसक्ती होती की नव्हती, फळाची इच्छा होती की नव्हती. ती दृष्टी खोल आहे. मात्र वस्तू कर्त्याला सोडून जगात निघून जाते. कर्ता पुढे पश्चात्ताप करो की संन्यास घेवो, त्याने केलेली वस्तू रोज कुणाच्या तरी हातात जाऊन काम करत राहते. तिच्या वागण्याची जबाबदारी ठरवायची तर ती घडणीतच, आधीच लिहावी लागते. १९२९च्या अटींनी नेमकं हेच केलं, म्हणून गांधीजींच्या आधीच्या उत्तरापेक्षा त्या अटी जास्त मोलाच्या वाटतात.

आजच्या व्यवसायात ‘डिझाइन थिंकिंग’ची सुरुवात एम्पथीपासून होते. ग्राहकाजवळ जा, त्याची अडचण त्याच्या जागी उभं राहून समजून घ्या, कच्चा नमुना करून त्याच्या हाती द्या, तो कुठे अडखळतो ते पाहा. ही पद्धत मनापासून स्वागत करावी अशीच आहे. पण दुसऱ्याचं मन कळणं आणि त्याच्याबद्दल करुणा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस कुठे घाईत असतो, कशाला लाजतो, काय वाचायचं टाळतो, हे ज्याला कळतं तो त्याला मदत करू शकतो, तसाच अडकवूही शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला अडकवणाऱ्या रचना, नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली. न मागितलेली वस्तू गुपचूप खरेदीच्या यादीत टाकणं, खोटी घाई दाखवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम किचकट करणं हे प्रकार त्या यादीत आहेत. हे प्रकार कुणी निष्काळजीपणे केलेले नसतात. ग्राहकाचा बारकाईने अभ्यास केल्याशिवाय ते जमतच नाहीत.

अर्थात चरख्याच्या अटींवरही एक गंभीर आक्षेप येतो. त्या ठरवताना सूत काढणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का? रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२५ मध्येच चरख्याच्या आग्रहावर लेख लिहून, सगळ्यांना एकाच ठरावीक क्रियेला जुंपण्याला हरकत घेतली होती. वापरणाऱ्याकडे जाऊन ऐकण्याचा धडा इथे डिझाइन थिंकिंगकडूनच घ्यावा लागेल. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना तो अनुभवाने मिळाला. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली.

पुढे त्यांच्याच किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही चरखा संघाच्या बक्षिसासाठी चरखा तयार केला. तो पात्र ठरला नाही, आणि ते एक लाख रुपये शेवटपर्यंत कुणालाच मिळाले नाहीत. अटी जरा सैल केल्या असत्या तर गाजावाजा करून बक्षीस देता आलं असतं. तसं झालं नाही. दरम्यान येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी स्वतः पेटीचरख्याच्या खटपटीत होते. त्यात एक मोठं आणि एक लहान चाक आडवं बसतं, दोरीने ती जोडली की चाती वेगाने फिरते, आणि काम संपल्यावर सगळं पेटीत मिटून काखोटीला मारता येतं.

धंदा करणाऱ्याने अशा अटी स्वतःवर घालाव्यात असं म्हणताना त्याची किंमतही सांगायला हवी. सदस्यत्व रद्द करण्याचं बटण समोर, मोठ्या अक्षरांत ठेवलं तर काही ग्राहक जातील, त्या महिन्याचा आकडा खाली येईल आणि गुंतवणूकदार जाब विचारतील. हा तोटा सोसायची तयारी आहे का, हे पहिला नमुना करण्याआधी, सगळे भागीदार टेबलाशी बसलेले असताना विचारलं पाहिजे. आकडे हाती आल्यावर तो प्रश्न काढायचं धैर्य फार थोड्यांना होतं.